सूचक उदाराम

सकाळी सकाळी टिप्परवाल्यानं आमच्या फाटकासमोर गिट्टीचा ढीग ओतला आणि मी बनियनवरच ओरडत बाहेर आलो. ओरडणं हा माझा स्वभाव आहे. माझी बायको शकुंतला म्हणते, रिटायर झाल्यापासून तेवढं एकच काम माझ्याकडे उरलंय. "अरे भैया, गेट के सामने काहे को डाल रहा है? स्कूटर कैसे निकालूँगा मैं?" स्कूटर काढून मला कुठं जायचं होतं हे विचारू नका. गोंदियाजवळ, फुलचूरच्या आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता व्हावा म्हणून अर्जाखाली पहिली सही माझीच होती, आणि आता रस्त्याचा माल आला तर पहिली बोंबही माझीच. "अंकल, शाम तक उठ जाएगा," म्हणत ड्रायव्हर निघून गेला. मी रागानं एका दगडाला लाथ मारली. तो उलटला, आणि माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. काळसर दगड, आणि त्यात तांदळाच्या कण्यांएवढे गुलाबी दाणे. हा दगड मी ओळखतो. अकरा वर्षं मी या दगडावर बसलो, जेवलो, चिखलाचे पाय घासले. साजाटोल्याची पहाडी माझ्या दारात येऊन पडली होती.

तो दगड मी घरात आणला. काऊन आणला, मला माहीत नाही. टेबलावर ठेवला तर शकुंतला पदराला हात पुसत आली. "अजी, गोटा कायले आनला घरात?" मी म्हटलं, कागद उडून राहिले पंख्यानं. तिनं दगड उचलून पाहिला. खाली एकच कागद होता, उद्याच्या सुनावणीचा. तिनं दगड होता तसा परत ठेवला आणि ती आत गेली. मग आत भांडी जास्तच वाजायला लागली. या घरात बोलायचं नसलं की भांडी वाजतात. मी खुर्चीवर बसून राहिलो. दाताखाली काहीतरी करकरत होतं, गिट्टीची धूळ असावी. चूळ भरली, पुन्हा भरली, तरी करकर जाईना. दुपारी भात खाल्ला तर भातही करकरला. शकुंतला म्हणाली, तांदूळ मी सोता निवडला, एक खडा निघाला तं दाखवा. मी खडा काही दाखवू शकलो नाही.

मी, लीलाधर कटरे, ग्रामसेवक होतो. लोक सचिव साहेब म्हणत. माझं अक्षर सुंदर. पंचायत समितीत नवीन पोरांना माझं प्रोसिडिंग बुक दाखवायचे, बघा, ठराव असा लिहावा. मलाही त्याचा गर्व होता, उगाच लपवू कशाला. आमच्या पंचायतीत चार टोले, लहान वस्त्या, होते, त्यातला शेवटचा साजाटोला. दरेकसा स्टेशनवर उतरायचं, जिथवर जाते तिथवर सायकल, पुढं ती हातात धरून चालायचं. सगळी घरं गोंडांची, मडावी नाहीतर कुमरे. मागं पहाडी, पहाडीत उन्हाळ्यातही न आटणारा झिरा, आणि झिऱ्याच्या वर साजाचं, म्हणजे ऐनाचं, मोठं झाड. झाडाखाली त्यांचा देव, आणि देवासमोर खाटेएवढी एक सपाट शिळा. गावाची पूजा करणारा भुमका उदाराम मडावी. सुकलेला, काटकुळा माणूस. सभा म्हटली की सगळ्यांच्या आधी येऊन बसायचा, स्वतःची चटई स्वतः घेऊन.

माझी तिथली पहिलीच ग्रामसभा. विहीर कुठं खोदायची एवढाच विषय होता. मी बोललो, सगळे ऐकत बसले, कोणी हूं की चूं केलं नाही. मी म्हटलं, चला, सोपे लोक आहेत. लिहून टाकलं, सर्वानुमते मंजूर. दुसऱ्या दिवशी सकाळी उदारामनं मला हाताला धरून शिळेपाशी नेलं. शिळा रिकामी होती. "पाहा साहेब," तो म्हणाला, "कोनालेच तिथं हीर नाही पायजे." मी चिडलो. म्हटलं, मग काल सभेत तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती? तो हसला. "पाहुन्याले तोंडावर कसा नाही म्हनावा साहेब? त्याले लाज वाटते ना. मानसानं घरी जावा, घरच्या बाईले इचारावा, देवाले इचारावा, झोपावा. मंग ज्याले पटला त्यानं सकारी साजाचा पान ठेवावा इथं, वरून खडा ठेवावा. ज्याले नाही पटला त्यानं काई ठेवू नये. झाला. भांडन नाही, काई नाही." मी घरी येऊन शकुंतलाला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, बरं आहे, तुमच्या पंचायत समितीतपण सुरू करा. पुढं दहा वर्षं मी साजाटोल्याचा ठराव सभेच्या दुसऱ्या दिवशी लिहिला. बीडीओ विचारायचे, कटरे, तुमची सभा दोन दिवस चालते का? मी म्हणायचो, हो साहेब, तिथले लोक जरा सावकाश आहेत. त्यांची पद्धत मी कधी कोणाला नीट सांगितली नाही. एखाद्या कागदावर एक ओळ लिहून ठेवली असती तरी चाललं असतं, पण मला ती शिळा माझीच वाटायला लागली होती, आपल्याला एकट्याला माहीत असलेली गोष्ट वाटते तशी.

मग तो दिवस. चौदा वर्षं झाली. मार्चच होता, असाच मोह गळत होता, अन् सगळ्या टोल्याला तो गोड आंबूस वास. तीन जीपा आल्या, शामियाना आला, पडदा आला, पडद्यावर दाखवायला जनरेटर आला. पहाडीवर खदान करायची होती आणि कायद्याप्रमाणे आधी ग्रामसभेला विचारायचं होतं. जिल्ह्याहून आलेला साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं चपला काढल्या, म्हाताऱ्यांना हात जोडले, नमस्कारही गोंडांसारखा ‘जय सेवा’ म्हणून केला. मग पाऊण तास तो असं मराठी बोलला की मलाच धड कळेना. गौण खनिज, पर्यायी विकास, सामूहिक हक्कास बाधा न येता. लोक ऐकत होते. बायका मागं पदर तोंडावर धरून बसल्या होत्या. साहेबांनी विचारलं, कोणाची हरकत? कोणी बोललं नाही. "नाही ना? छान." मी वाकून त्यांच्या कानाशी म्हटलं, साहेब, इथं उद्या सकाळी कळते. ते हसले. "उद्या सकाळी मला नागपूरला मीटिंग आहे हो. लिहा ठराव." हजेरीचे अंगठे मी लोक येतानाच घेऊन ठेवले होते, नेहमीसारखे, पुढच्या कोऱ्या पानावर, वर ठरावापुरती जागा सोडून. जागा किती सोडायची याचा माझा अंदाज कधी चुकला नाही. मी लिहिलं. माझा हात कापत होता असं तुम्हाला सांगायला मला फार आवडलं असतं. नव्हता कापत. अक्षर नेहमीसारखंच आलं. ठरावाला सूचक लागतो, म्हणजे ठराव मांडणारा. मी अंगठ्यांकडे पाहिलं. पहिला अंगठा उदारामचा, कारण तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. सूचक, उदाराम मडावी. हरकत कोणीही घेतली नाही. सर्वानुमते मंजूर. त्यातलं एक वाक्य तर खरंच खरं होतं, हरकत कोणी घेतली नव्हती.

साहेब नक्कल घेऊन गेले. मी तिथंच शाळेत मुक्काम केला, आणि सकाळी उठल्यावर पायांनी आपोआप मला शिळेकडे नेलं. सवय, दुसरं काय. शिळा रिकामी होती. दंवानं ओली, चकचकीत, आणि तिच्यावर एक पान नाही. वाऱ्यानं आलेला काडीकचरासुद्धा नाही. बायका मोहाच्या टोपल्या घेऊन समोरून गेल्या, माझ्याशी हसल्या, शिळेकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. त्यांचं सांगून झालं होतं. उदाराम आला, माझ्याजवळ बसला. "दिसला काय, साहेब?" "दिसलं." "बस मंग," तो म्हणाला, आणि पानाच्या द्रोणात ताजा मोह पुढं केला. त्याच्या दृष्टीनं विषय संपला होता. सरकार आलं, सरकारनं विचारलं, गावानं नाही सांगितलं, सचिव साहेबानं डोळ्यांनी पाहिलं. आता आणखी काय पाहिजे? माझ्या पिशवीत रजिस्टर होतं. खिशात पेन होता. कालचा ठराव चुकीनं लिहिला, रद्द समजावा, एवढंच खाली लिहायचं होतं. मी मोह खाल्ला. गोड होता.

काऊन नाही लिहिलं, हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की आता विचारताना माझीच मला चीड येते. मी म्हणतो, बदली हवी होती. लेक टीना बारावीत होती, तिच्यासाठी गोंदियात यायचं होतं. साहेबाला दुखवून कसं चालेल? हे सगळं खरं आहे आणि सगळं खोटं आहे. खरी गोष्ट अशी की, मला त्या सकाळी विशेष काही वाटलंच नाही. वाटलं, यांचं काय, यांना सवय असते. पहाडी एवढी मोठी आहे, ती काय माझ्या दोन ओळींनी संपते? असा मी. शकुंतला मला भला माणूस म्हणते. म्हणू दे बापडी.

गिट्टी पडायच्या आठ दिवस आधी मनिराम आला, उदारामचा पोरगा. पोरगा कसला, त्याचेही केस पिकले. पत्ता विचारत विचारत आला, सोफ्याच्या अगदी कडेला बसला, चहाची बशी दोन्ही हातांनी धरली. मी बोलत सुटलो, पाऊसपाणी, धान, तेंदूपत्ता. त्यानं माझं संपू दिलं. मग म्हणाला, "सचिव साहेब, पाहाडी अर्दी गेली. आता बाकीची अर्दी मांगून राहिले. साजाचा झाड, झिरा, गोटा, सप्पाच येते त्याच्यात. तोच तुमचा जुना कागद दाखवून राहिले." मी म्हटलं, अरे, तो जुना झाला आता. "कागदावर माह्या बापाचा नाव आहे." मी त्याच्या बशीत आणखी चहा ओतला. "पयला सुरुंग उडाला तवा आमी विचाराले गेलो. तिथं वाचून दाखवला. सूचक उदाराम. गावातल्यानं आयकला." पुढचं त्यानं सांगितलं ते अगदी हळू, जशी दुसऱ्याच कोणाच्या घरची गोष्ट असावी. गावानं उदारामला मारलं नाही, शिवी दिली नाही, भांडण नाही, काही नाही. फक्त पूजेला बोलावणं बंद झालं. तो आला की जागा द्यायचे, पाणी द्यायचे, आणि कोणी बोलायचं नाही. तो शिळेवर पान ठेवून आला की त्या दिवशी दुसऱ्या कोणाचं पान पडायचं नाही. दोन वर्षांत गेला. "मरतावरी म्हने, मी नाही बोललो. सचिवाले विचारा, त्यानं गोटा पाहला हाये. तुमी तं गोंदियाले आले होते." मनिरामनं बशी खाली ठेवली, सुनावणीचा कागद पुढं सरकवला. "पुढच्या मंगळवारी सालेकस्याले सुनावनी हाये. तुमी या. येवढंच सांगा, माहा बाप नाही बोलला. पाहाडीचा होईल ते होईल."

तो गेल्यावर शकुंतला दारात उभी राहिली. "या वयात चौकशी लागली तं? खोटा ठराव लिहिला म्हनून तुमालेच धरतील. टीनाच्या सासरी काय सांगाचा?" तिचं चुकत नव्हतं. मी आठ दिवस नाही जायचं, नाही जायचं, म्हणत काढले. नवव्या दिवशी ती गिट्टी आली. रात्री तो दगड मला टेबलावर ठेवता आला नसता, म्हणून संध्याकाळीच मी तो पिशवीत घातला. मंगळवारी सकाळी उठलो तर ओट्यावर डबा भरून तयार होता. पोळी, वांग्याची भाजी.  शकुंतलानं भांडी वाजवली नाहीत.

गाडीत मी वाक्य पाठ करत होतो. उदाराम मडावी यांनी ठराव मांडला नाही, त्यांचं नाव मी लिहिलं. आमगाव आलं, गेलं. बाहेर उन्हाळी धान हिरवंगार. उदाराम मडावी यांनी ठराव मांडला नाही. साधं वाक्य, पण दर स्टेशनला मी ते पुन्हा पहिल्यापासून म्हणत होतो. सालेकस्याला सुनावणीच्या सभागृहाबाहेर साजाटोल्याचे वीसेक लोक कडुलिंबाखाली बसले होते, मनिराम कडेला, सगळ्यांपासून हातभर लांब. तेवढ्या हातभर अंतरात मला चौदा वर्षं दिसली. आत जागा कमी म्हणून एकेकालाच घेत होते. दारात एक तरुण कारकून. "काका, आधी इथं हजेरीची सही." मी सही केली. छान लफ्फेदार, जशी मी नेहमी करतो. आत पंखा, चहा, बिस्किटं. चौकशी अधिकारी म्हणजे माझ्या टीनाच्या वयाची बाई, नम्र, हसतमुख. "बसा ना काका. सावकाश सांगा." आणि मी सांगितलं. सगळं सांगितलं, जीपा, शामियाना, शिळा, पान, खडा, सूचक. मध्ये आवाज फुटला, तिनं पाण्याचा ग्लास पुढं केला. मला वाटलं, झालं, सुटलो.

"फारच इंटरेस्टिंग आहे," ती म्हणाली. "म्हणजे सभेत कोणी हरकत घेतली नाही?"

"मॅडम, तिथं घेत नाहीत. शिळा रिकामी होती."

"हो, कळलं मला. पण सभेत, तोंडी, कोणी नाही म्हणालं?"

"नाही म्हणालं कोणी."

तिनं कारकुनाकडे पाहिलं आणि मजकूर सांगितला. तत्कालीन ग्रामसेवक यांनी सभेत कोणीही हरकत घेतली नसल्याचे पुनश्च कथन केले. मी उठलो. म्हटलं, अहो, हे नाही! उदारामचं लिहा, सूचक तो नव्हता, मी खोटं लिहिलं, माझ्यावर गुन्हा घाला. ती अगदी शांतपणे म्हणाली, काका, ते मूळ दस्ताच्या दुरुस्तीचं आहे, त्याला वेगळा अर्ज लागेल, इथं तो विषय नाही. "मग मी याच्यावर सही करणार नाही," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, ओरडणं हा माझा स्वभावच ना. कारकून गडबडला, त्यानं कागद माझ्याकडे वळवला. "सही झाली ना काका. ही काय." पानाच्या तळाशी माझी हजेरीची सही होती. वर त्याचं गिचमिड अक्षर, ओळीमागून ओळ, खाली उतरत उतरत बरोबर माझ्या सहीपाशी येऊन थांबलेलं. जागा मी सोडली असती तरी एवढीच सोडली असती. हसू नका. माझ्या मनात पहिल्यांदा खरंच हेच आलं.

बाहेर येऊन मी सगळ्यांना सांगितलं. लपवलं नाही. चौदा वर्षांपूर्वीचंही सांगितलं, रिकामी शिळा पाहून मोह खाल्ला तेही. "उदारामनं काही मांडलं नाही. मी लिहिलं. त्याचं काही चुकलं नव्हतं, माझं चुकलं. तुम्हा सगळ्यांची माफी मागतो," असं मी हात जोडून म्हणालो आणि रडलो. म्हातारा माणूस भर दुपारी रस्त्यावर रडतो ते काही बघण्यासारखं नसतं. ते ऐकत होते. एका बाईनं मला बाटलीतलं पाणी दिलं. कोणी रागावलं नाही, कोणी शिवी दिली नाही. मग सगळे उठले, आणि जाताना दोघेजण मनिरामच्या बाजूनं चालू लागले, खांद्याला खांदा लावून. एवढं मी पाहिलं. मनिराम मागं वळला. "गाडीचा टाइम झाला, सचिव साहेब," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या लोकलनं मी दरेकस्याला उतरलो. माझी माफी पटली की नाही ते इथं सकाळीच कळणार होतं. शकुंतलानं कुठं जाता विचारलं नाही. चालत गेलो. जुनी वाट आता टिप्परची सडक झाली आहे. पहाडीचा अर्धा भाग खरंच नव्हता, कलिंगडाची फोड काढावी तसा. उरलेल्या अर्ध्यावर साजाचं झाड उभं होतं, खाली शिळा. मी लांबूनच थांबलो.  तीन बायका मोह वेचत होत्या, हसून म्हणाल्या, आले काय साहेब. मी जवळ गेलो. शिळेवर खदानीची पांढरी धूळ साचली होती, आणि धुळीत एकही पान नव्हतं. मी पुन्हा पाहिलं, कडेनं पाहिलं, खाली वाकून पाहिलं. नव्हतं.

बराच वेळ बसलो. पिशवीतला गुलाबी दाण्यांचा दगड काढून पहाडीच्या तुटलेल्या बाजूला ठेवला, तो काही कुठं बसला नाही. साजाची पानं हाताशी होती, एखादं तोडून आपणच ठेवावं असंही एकदा मनात आलं. सवय वाईट. हात मागं घेतला. मग खिशातला रुमाल काढला आणि शिळा पुसायला लागलो, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोपरेसुद्धा. उद्यापरवा कोणी साहेब इथं आला तर धुळीमुळं दिसलं नाही असं त्यानं म्हणू नये. ती रिकामी आहे हे नीट दिसायला पाहिजे.

मी रुमाल झटकला आणि परत निघालो.